मालावरची जकात, माणसांवरची जकात

प्रस्तावना

अमेरिकेच्या औद्योगिक उत्कर्षाची गोष्ट आपल्याकडे साधारण एकाच सुरात सांगितली जाते. सरकारने उद्योगात लुडबुड केली नाही, हुशार आणि कष्टाळू माणसांना रान मोकळे सोडले, जगभरातून गोरगरीब आले आणि पाहता पाहता शेतकऱ्यांचा देश कारखानदारांचा झाला. या गोष्टीची उलटी बाजूही तितकीच ठाशीव आहे: मूठभर धनदांडगे, त्यांच्या खिशातले राजकारणी आणि भरडला गेलेला मजूर. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही गोष्टी सरकारचे चित्र अर्धवटच रंगवतात. पहिलीत सरकार दिसतच नाही, आणि दुसरीत दिसते ते केवळ लाच खाताना. प्रत्यक्षात १८६० ते १९०० या चाळीस वर्षांत सरकार जवळजवळ प्रत्येक वळणावर हजर होते. त्याच्या हातात कधी जमिनीचा पट्टा होता, कधी जकातीचा तक्ता, कधी कोर्टाचा मनाईहुकूम आणि कधी बंदूक. ते होते की नव्हते हा वाद फोल आहे. ते कुणासाठी होते आणि कुणाच्या विरोधात, हे पाहायला हवे. प्रस्तुत संग्रहाचा खटाटोप त्यासाठीच आहे.

सुरुवात १८६२ सालापासून करणे सोयीचे. देश यादवी युद्धात होरपळत होता. दक्षिणेची राज्ये फुटून निघाल्यामुळे त्यांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या संसदेत नव्हते, म्हणून उत्तरेच्या रिपब्लिकनांना अडवणारे फारसे कुणी उरले नव्हते. मे ते जुलै एवढ्या अवधीत तीन मोठे कायदे झाले. होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले, आणि नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही त्यात जागा होती. पॅसिफिक रेल्वे कायद्याने दोन कंपन्यांना जमिनी आणि सरकारी रोखे दिले. मॉरिल कायद्याने शेती आणि तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांसाठी राज्यांना जमीन दिली. परदेशी मालावरची जकात आदल्याच वर्षी वाढली होती, राष्ट्रीय बँकांची घडी पुढच्या वर्षी बसली, आणि १८६४ साली तर परदेशातून मजूर आणण्यासाठीच कायदा झाला. मालकाने बोटीचे भाडे आगाऊ द्यायचे आणि मजुराने बारा महिन्यांपर्यंतची मजुरी त्यापोटी गहाण टाकायची, अशा करारांना त्याने मान्यता दिली. जमीन, भांडवल, बाजारपेठ आणि मजूर, उद्योगाला लागणाऱ्या चारही गोष्टींची तजवीज तीन-चार वर्षांत कायद्यानेच झाली. वाटायला काढलेली जमीन मात्र ओसाड पडलेली नव्हती. तिथल्या मूळ जमातींना तह करून, तह मोडून आणि लष्कर पाठवून हुसकावल्यावर ती सरकारच्या हाती आली होती.

रेल्वेच्या बाबतीत ही मदत कशी चाले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सपाटीवर मैलाला १६,००० डॉलरचे रोखे, डोंगरांमधल्या पठारावर ३२,००० आणि डोंगरात ४८,००० असा दर ठरला होता. म्हणजे डोंगर नेमका कुठे सुरू होतो, याला पैशाचे मोल आले. कॅलिफोर्नियातल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने राज्याच्या भूगर्भशास्त्रज्ञाचा अभिप्राय घेतला. सॅक्रामेंटो शहरापासून काही मैलांवरच्या आर्केड ओढ्यापाशी, दिसायला सगळी सपाटी असलेल्या जागी, सिएरा नेवाडा पर्वताचा पायथा असल्याचा निर्वाळा त्याने दिला. अध्यक्ष लिंकन यांनी तो मान्य केला आणि खरा चढ सुरू होण्याच्या बरेच अलीकडे कंपनीला डोंगराचा दर लागू झाला.

खऱ्या डोंगरात बोगदे खणले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. कंपनीच्या मजुरांत त्यांचे प्रमाण एके काळी दहांत नऊपर्यंत गेले होते. गोऱ्या मजुराला पगाराशिवाय जेवणखाण मिळे. चिनी मजूर आपला स्वयंपाकी आपण ठेवत. खांद्यावरच्या कावडीला पिंपे अडकवून त्यांचा चहा कामावर पोचवला जाई. उकळलेल्या पाण्याचा हा चहा पीत असल्यामुळे त्यांच्यात हगवणही कमी होती. जून १८६७मध्ये त्यांच्यापैकी काही हजारांनी हत्यारे खाली ठेवली आणि गोऱ्यांइतकी मजुरी व कमी तास मागितले. कंपनीचा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर याने डोंगरातला शिधा बंद केला आणि आठवडाभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी युटामध्ये दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. सरकारी रोखे, खासगी नफा, परदेशी श्रम आणि उपासमारीने मोडलेला संप, पुढच्या तीस वर्षांचे सगळे घटक या एका कामात आधीच एकत्र आलेले होते.

रेल्वेने देशाचा बाजार एक केला आणि त्या बाजारावर पोलाद आणि तेलाची साम्राज्ये उभी राहिली. अँड्रू कार्नेगी १८४८ साली स्कॉटलंडहून आला आणि सूतगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर कामाला लागला. १९०१ साली त्याने आपली पोलाद कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली. ही कहाणी अजब आहे आणि खरीही आहे. मात्र पोलादी रुळांवर १८७० साली टनाला २८ डॉलर जकात बसली आणि कार्नेगीचा पहिला मोठा कारखाना १८७५ साली सुरू झाला, हा क्रमही तितकाच खरा आहे. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने रेल्वे कंपन्यांकडून मालभाड्यात गुपचूप सूट मिळवली, प्रतिस्पर्ध्यांना एकेक करून गिळले आणि देशातले जवळपास ९० टक्के तेलशुद्धीकरण ताब्यात घेतले. मालभाड्याने नाडलेल्या शेतकऱ्यांनी राज्यांकडून दरनियंत्रणाचे कायदे करून घेतले. १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि १८८६ साली राज्याबाहेर जाणाऱ्या वाहतुकीपुरते राज्यांचे हात बांधून टाकले. मग १८८७ साली आंतरराज्य वाणिज्य आयोग आला आणि १८९० साली मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा.

हा शर्मन कायदा आधी कुणाला लागला? साखर शुद्धीकरणाचा जवळजवळ सगळा धंदा हातात असलेल्या ट्रस्टवर सरकारने खटला भरला. १८९५च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे. ट्रस्ट सुटला. काही आठवड्यांपूर्वीच शिकागोच्या कोर्टाने, पुढे येणाऱ्या पुलमन संपाबद्दल, रेल्वे कामगारांचा नेता युजीन डेब्स याला शिक्षा ठोठावताना मात्र याच कायद्याचा आधार घेतला होता. वरच्या न्यायालयाने पुढे कारण बदलले; शिक्षा कायम ठेवली.

कामगार चळवळीचा आलेख चार ठिकाणांच्या नावांनी मांडता येतो: मार्टिन्सबर्ग, हेमार्केट, होमस्टेड, पुलमन. १८७७ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला दहा टक्के पगारकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांनी इंजिने अडवली. संप शहराशहरांत पसरला, पिट्सबर्गला गोळीबार आणि जाळपोळ झाली, देशभरात सुमारे शंभर माणसे मेली आणि केंद्र सरकारने फौज धाडली. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी देशव्यापी संप झाला. तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकातल्या सभेत बाँब फुटला. तो कुणी टाकला हे सिद्ध झाले नाही, तरी चौघांना फाशी झाली. त्या सभेचे पत्रक इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत छापलेले होते. शिकागोचा कामगार कोण होता, हे त्या एका कागदावरून कळते. १८९२ साली होमस्टेड गावातल्या पोलाद कारखान्यात कामगारांना टाळेबंदीने बाहेर ठेवल्यावर व्यवस्थापक फ्रिक याने पिंकर्टन संस्थेचे ३०० हत्यारबंद रक्षक रातोरात तराफ्यांवर बसवून नदीतून आणले. ६ जुलैच्या पहाटेपासून दिवसभर लढाई झाली आणि रक्षक शरण आले. कामगार जिंकले. पण मागाहून राज्याचे ८,५०० सैनिक आले आणि संघटना संपली. त्या कारखान्यातल्या सुमारे ३,८०० कामगारांपैकी कुशल असे जेमतेम ८०० संघटनेत होते. तरी पूर्व युरोपातून आलेले अकुशल मजूरही त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८९४ साली शिकागोजवळच्या पुलमन गावात रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कंपनीच्याच घरांचे भाडे उतरवले नाही. डेब्सच्या संघटनेने देशभर पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला. टपालगाड्या अडल्याचे निमित्त पुढे करून, पूर्वी रेल्वे कंपन्यांचे वकील असलेले महान्यायवादी ओल्नी यांनी मनाईहुकूम मिळवला. इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी विरोध करूनही अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी फौज पाठवली.

सरकार, कारखानदार आणि कामगार यांच्यानंतर चौथा पक्ष स्थलांतरितांचा. १८६१ ते १९०० या काळात सुमारे १ कोटी ४० लाख माणसे अमेरिकेत आली. आरंभी त्यांची नोंद राज्ये करत. न्यू यॉर्कचे कॅसल गार्डन हे त्यातले मोठे केंद्र. माणसांवरचे राज्यांचे कर १८७६ साली न्यायालयाने रद्द ठरवल्यावर हा विषय केंद्राकडे सरकला. १८८२ साली दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक उतारूमागे ५० सेंट कर लावला आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःचे पोट भरू न शकणारे यांना मज्जाव केला. दुसऱ्याने चिनी मजुरांना दहा वर्षांसाठी दार बंद केले आणि चिनी माणसाला नागरिकत्व देण्याची कोर्टांना मनाई केली. त्या वेळी पाच कोटींच्या देशात चिनी होते जेमतेम एक लाख पाच हजार.

ही बंदी मागण्यात पुढे कोण होते? कॅलिफोर्नियात चिन्यांना हाकलण्याची घोषणा देत सभा गाजवणारा डेनिस कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोऱ्या विडीवळ्यांनी १८७०च्या दशकात आपल्या सिगारच्या खोक्यांवर, हा माल चिनी हातांचा नाही असे सांगणारी पांढरी चिठ्ठी लावली. संघटनेच्या मालमुद्रेची अमेरिकेतली सुरुवात इथली. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना सभासद करून घेणाऱ्या नाइट्स ऑफ लेबर या संघटनेनेही चिन्यांना बाहेर ठेवले. २ सप्टेंबर १८८५ रोजी वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्स या खाणगावी गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांना ठार केले. मारणाऱ्यांतलेही कित्येक युरोपातून आलेले होते. दहा वर्षांपूर्वी रेल्वे कंपनीने संप मोडण्यासाठीच तिथे चिनी मजूर आणले होते. नाइट्सचा नेता टेरेन्स पाउडरली पुढे, १८९७ साली, देशाचा स्थलांतर आयुक्त झाला आणि कामगार सभांतून मागितलेली बंदी सरकारी खुर्चीवरून राबवू लागला. लंडनहून आलेला विडीवळ्या सॅम्युएल गॉम्पर्स याची अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरही बंदीच्या बाजूनेच होती.

चारही धागे इथे एकत्र येतात, आणि या संग्रहाचे मुख्य म्हणणेही हेच आहे. कारखानदाराच्या मालाला परदेशी मालापासून जकातीचे कवच होते. त्याला लागणारे मजूर मात्र जगाच्या पाठीवरून कुठूनही यावेत, अशी त्याची इच्छा. कामगाराचा युक्तिवाद त्याच तर्काचा: तुमच्या रुळांना संरक्षण, मग आमच्या मजुरीला का नाही? सरकारने हे गाऱ्हाणे ऐकले, पण अर्धे. संप करण्याचा हक्क, कामाचे तास, अपघाताची भरपाई यांपैकी जे मालकाच्या मुळावर येईल ते दिले नाही. दिली ती परक्यावरची बंदी, आणि तीही ज्याच्याकडे मत नव्हते अशा सर्वांत दुबळ्या परक्यावर. मालकाचे फारसे बिघडले नाही. पोलाद आणि कोळशाला इटली, पोलंड, हंगेरीहून माणसे येतच राहिली. कामगाराला जिंकल्याचे समाधान मिळाले. आणि केंद्र सरकारला माणसे तपासण्याचे, नोंदवण्याचे, परत पाठवण्याचे अधिकार मिळाले ते कायमचे. १८९२च्या कायद्याने चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

न्यायालयांचा वाटा किती मोठा होता, हे चौदाव्या घटनादुरुस्तीच्या प्रवासावरून दिसते. १८६८ साली ती झाली मुक्त गुलामांच्या रक्षणासाठी. १८८६ साली एका रेल्वे कंपनीच्या कराच्या खटल्यातून, कंपनीलाही व्यक्ती म्हणून तिचे संरक्षण आहे असा पायंडा पडला. १८९६ साली रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसण्याची सक्ती झालेल्या कृष्णवर्णीय प्रवाशाला मात्र तिने वाचवले नाही. आणि १८९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चिनी आईबापांचा स्वयंपाकी वाँग किम आर्क याला तिनेच नागरिक ठरवले. एकच मजकूर कंपनीला ढाल झाला, काळ्या माणसाच्या कामी आला नाही आणि बंदी असलेल्यांच्या मुलाला देश मिळवून देऊन गेला.

या काळाकडे इतिहासकारांनी कसकसे पाहिले, हे नव्या वाचकाला थोडे ठाऊक असावे. चार्ल्स आणि मेरी बिअर्ड यांनी १९२७ साली यादवी युद्धाकडे उत्तरेच्या भांडवलाने केलेली क्रांती म्हणून पाहिले. महामंदीच्या काळात, १९३४ साली, मॅथ्यू जोसेफसन यांच्या पुस्तकाने उद्योगपतींना लुटारू सरदार हे नाव कायमचे चिकटवले. त्यावर अॅलन नेव्हिन्स यांनी रॉकफेलरचे चरित्र लिहून संघटकाची बाजू मांडली. आल्फ्रेड चँडलर यांनी १९७७ साली माणसांच्या नीतिमत्तेचा प्रश्नच बाजूला ठेवला आणि पगारी व्यवस्थापकांची उतरंड हेच खरे नवे तंत्र असल्याचे दाखवले. गॅब्रिएल कोल्को यांनी डावीकडून वेगळाच मुद्दा काढला: नियंत्रणाचे कायदे बड्या उद्योगांनाच हवे होते, कारण स्पर्धेने ते स्वतः बेजार होते. २०११ साली रिचर्ड व्हाइट यांनी तर रेल्वे कंपन्या कार्यक्षम होत्या हे गृहीतकच मोडीत काढले. त्यांच्या मते त्या ढिसाळ होत्या, कर्जबाजारी होत्या आणि सरकारी आधारावर तगून होत्या.

कामगारांच्या इतिहासात जॉन कॉमन्स आणि विस्कॉन्सिनच्या अभ्यासकांचे लक्ष संघटना आणि करारांवर होते. हर्बर्ट गटमन आणि डेव्हिड मॉन्टगोमेरी यांनी ते कारखान्याच्या आत, वस्तीत, सणावारात आणि कामाच्या लयीत नेले. स्थलांतराच्या अभ्यासात ऑस्कर हँडलिन यांचा १९५१ सालचा स्थलांतरित मुळापासून उखडलेला आहे. १९८५ सालच्या जॉन बोडनार यांचा स्थलांतरित नातीगोती आणि गावकी बरोबर घेऊन दुसऱ्या मातीत रुजतो. अलेक्झांडर सॅक्स्टन, एरिका ली आणि मे नाय यांनी बंदीचा कायदा परिघावरून उचलून मध्यभागी आणला. अलीकडे विल्यम नोव्हाक यांच्यासारख्यांनी, अमेरिकन शासनसंस्था दुबळी होती ही समजूतच तपासायला घेतली आहे. हे सगळे प्रवाह बरीच वर्षे आपापल्या वाटेने वाहिले. उद्योगाच्या इतिहासात संप अडथळा म्हणून येई, कामगारांच्या इतिहासात चिनी मजूर तळटीपेत जाई, आणि स्थलांतराच्या इतिहासात जकातीचा उल्लेखही नसे.

मराठी वाचकाने हे का वाचावे? एक तर आपले धागे त्यात आधीपासून आहेत. यादवी युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच १८६५ साली तीच मुंबई दिवाळखोरीत बुडाली. हेमार्केट घडले त्या वर्षी पंडिता रमाबाई अमेरिकेत पोचलेल्या होत्या. त्यांनी १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आहे तसा कामगार दिनही आहे, आणि त्याचे मूळ शिकागोत आहे. खुद्द अमेरिकेने मात्र १८९४ साली कामगारांची सुटी सप्टेंबरात नेऊन ठेवली.

दुसरे कारण अधिक रोखठोक आहे. चिन्यांसाठी उभारलेली यंत्रणा १९१७ साली भारतासह आशियाच्या मोठ्या भागाला लागू झाली. १९४६ साली भारतीयांना वर्षाला १०० जागा मिळाल्या आणि १९६५च्या कायद्यानंतर डॉक्टर-इंजिनिअरांची रीघ लागली. आज पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत एच-वन-बी व्हिसा हा शब्द रेशन कार्डाइतका सवयीचा आहे. या घरांना १८८५चा फोरन कायदा वाचून नवल वाटेल. परदेशातून नोकरीचा करार करून मजूर आणणे त्याने बेकायदा ठरवले होते. न्यू यॉर्कच्या एका चर्चने इंग्लंडहून धर्मोपदेशक नेमला म्हणून त्या चर्चवरही खटला झाला. तो कायदा धर्मोपदेशकांसाठी नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाला १८९२ साली द्यावा लागला. तेव्हा नोकरी ठरवून मजूर आणणे बेकायदा होते. आज नोकरी देणारा मालक पाठीशी नसेल तर एच-वन-बी मिळत नाही. दोन्ही नियमांच्या मुळाशी भांडण एकच: बाहेरच्या माणसाचे येणे कुणाच्या सोयीने ठरावे, मालकाच्या की इथल्या कामगाराच्या? २०२५च्या जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश निघाला, तेव्हा वकिलांना पुन्हा वाँग किम आर्कचाच निकाल उघडावा लागला.

या पुस्तकात म्हणून चार विषयांची चार दालने केलेली नाहीत. कायदे, निकाल, साक्षी, पत्रके आणि त्यांवरचे लेख घटनांच्या क्रमाने लावले आहेत, म्हणजे जकातीच्या कायद्याशेजारी संपाची हकिगत आणि संपाशेजारी बंदरावरची नोंद येते. सनावळ्यांचा पाढा टाळला आहे आणि उद्योगपतींना देव किंवा राक्षस करणेही. काही बाजू इथे आटोपशीर आहेत: दक्षिणेतली कैद्यांची वेठ, गिरण्यांतल्या स्त्रिया आणि मुले, पश्चिमेतले मूळ रहिवासी यांना प्रत्येकी स्वतंत्र ग्रंथ हवा, आणि तो मराठीत होईल अशी आशा आहे.

वाचकाला एकच सुचवणे आहे. इथला प्रत्येक कायदा वाचताना तो कुणी मागितला, कुणाला मिळाला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. त्या काळात या तिन्हींचे उत्तर क्वचितच एक होते. चिनी मजुरांवरची बंदी कामगारांनी मागितली, अधिकार सरकारला मिळाला आणि किंमत रॉक स्प्रिंग्सच्या खाणकामगारांनी, मग १९१७पासून आशियाच्या मोठ्या भागाने मोजली. कोणत्याही देशात बाहेरून आलेल्याविरुद्ध कायदा मागितला जातो तेव्हा मागणाऱ्याने हा हिशेब आधी पाहावा. मागणाऱ्याचा पगार त्या कायद्याने वाढतोच असे नाही; सरकारचा हात मात्र नक्की लांब होतो.